डॉ. हार्वे कुशिंग : भुलेचा हिशेब लिहिणारा शस्त्रवैद्य

शस्त्रक्रिया म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे शस्त्रवैद्याची धारदार सुरी उभी राहते. रुग्ण बरा झाला तर आपण त्या सुरीला श्रेय देतो आणि दगावला तर तिलाच दोष देतो. परंतु मेजावर निजविलेल्या रुग्णाच्या उशाशी आणखी एक वैद्य असतो. त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो रुग्णाला भूल देतो आणि रुग्ण पुन्हा शुद्धीवर येईपर्यंत त्याची नाडी, त्याचा श्वास व त्याचा रक्तदाब यांवर अखंड नजर ठेवतो. जे आढळेल त्याची तो वेळच्या वेळी नोंदही करतो. ही साधी दिसणारी नोंद शस्त्रक्रियागृहात कशी आली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक म्हणून जगद्विख्यात झालेले अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. हार्वे कुशिंग यांच्या चरित्राशी तो निगडित आहे. त्यांच्या मेंदूवरील कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांच्या आयुष्यातील हा दुसरा, काहीसा दुर्लक्षित धागा आमच्या वाचकांपुढे उलगडून ठेवणार आहोत.

हार्वे विल्यम्स कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील क्लीव्हलंड या शहरी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वैद्यकी त्यांच्या घराण्यात पिढीजात होती. वडील, आजोबा व पणजोबा हे तिघेही वैद्य. येल विद्यापीठात शिकत असताना त्यांना बेसबॉलच्या खेळाची विलक्षण गोडी होती आणि चित्रकलेचा हातही त्यांना निसर्गतःच लाभला होता. १८९१ साली येलची पदवी घेऊन ते बोस्टनला आले आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले.

ज्या रुग्णालयात कुशिंग शिकू लागले ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल भुलेच्या इतिहासातील एक तीर्थक्षेत्रच होय. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या वाफेने एका रुग्णास भूल देऊन जाहीर रीतीने वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून आणली, ती याच वास्तूत. त्या घटनेला जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. शस्त्रक्रिया धीट झाल्या होत्या, त्यांचा आवाका वाढला होता. परंतु भूल देण्याचे काम मात्र अद्याप कोणीही करावे असेच समजले जात होते. पुष्कळदा ते विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडे. ईथरने भिजविलेला बोळा नाकातोंडाशी धरावयाचा, रुग्ण निपचित पडला की शस्त्रवैद्याला खूण करावयाची, एवढेच काय ते शिक्षण. त्या वाफेचा शरीरातील रक्ताभिसरणावर घटकेघटकेला काय परिणाम होत आहे, हे पाहण्याची रीत नव्हती व साधनही नव्हते.

अशा परिस्थितीत १८९३ च्या सुमारास एक घटना घडली. कुशिंग त्या वेळी विद्यार्थीच होते आणि इतर विद्यार्थ्यांसमवेत बाकावर बसून शस्त्रक्रिया पाहत होते. त्यांना अकस्मात खाली बोलावण्यात आले आणि बाजूच्या लहानशा खोलीतील एका रुग्णास भूल देण्यास सांगण्यात आले. रुग्णाचे आतडे अंतर्गळात अडकले होते व तो आदल्या रात्रीपासून ओकत होता. भूल कशी द्यावी याचे ज्ञान कुशिंग यांना मुळीच नव्हते. सोबतीला असलेल्या सेवकाच्या सांगण्यावरून त्यांनी कसेबसे ते काम उरकले. शस्त्रवैद्य घाईत होते. रुग्णाला मेजावर घेण्यात आले. इतक्यात त्याच्या पोटातील द्रव उसळून वर आला, श्वासावाटे छातीत उतरला आणि पाहता पाहता त्या माणसाचा प्राण गेला.

तरुण कुशिंग यांच्या मनावर जणू वज्राघातच झाला. आपल्या हातून एका माणसाचा जीव गेला, या जाणिवेने ते तेथून निघाले व कितीतरी वेळ रस्त्यांवरून भटकत राहिले. वैद्यकीचे शिक्षण सोडून द्यावे, असे त्यांनी मनाशी ठरविले. मृताच्या कुटुंबासाठी आपल्याला काही करता येईल काय, हे विचारण्याकरिता ते त्या शस्त्रवैद्यांकडे गेले. तेथे त्यांना जे ऐकावयास मिळाले त्याने ते अधिकच चकित झाले. रुग्ण आधीच अत्यवस्थ होता, असे प्रसंग वारंवार घडतात, त्यात तुझा काही दोष नाही, तेव्हा हे विसरून जा आणि अभ्यासाला लाग, अशा अर्थाचा उपदेश त्यांना करण्यात आला. कुशिंग अभ्यासाला लागले. परंतु ती गोष्ट ते आयुष्यभर विसरले नाहीत.

आमच्या मते कुशिंग यांच्या थोरवीचे बीज या न विसरण्यातच आहे. त्यांना दिलेला सल्ला दुष्टपणाचा नव्हता. तो त्या काळचा रूढ शहाणपणा होता. वारंवार घडणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय होते आणि सवय झाली की तिचे कारण शोधण्याची बुद्धी मावळते. कुशिंग यांनी ती सवय स्वतःला लागू दिली नाही.

त्यांच्याच वर्गात अर्नेस्ट एमरी कॉडमन नावाचे एक बुद्धिमान विद्यार्थी होते. या दोघा मित्रांनी पैज लावली. उत्तम भूल कोण देतो ते पाहावयाचे आणि हरणाऱ्याने दुसऱ्याला जेवण घालावयाचे! पैज थट्टेची, पण तिच्यातून निघालेली गोष्ट मात्र अत्यंत गंभीर होती. उत्तम कोण हे ठरवावयाचे तर दोघांच्या कामाची तुलना झाली पाहिजे, आणि तुलना व्हावयाची तर नोंद ठेवली पाहिजे. म्हणून १८९४ च्या अखेरीस त्यांनी चौकडीच्या कागदावर तक्ते आखले. भूल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ठराविक वेळाने रुग्णाची नाडी व श्वासोच्छ्वास मोजून त्यांचे बिंदू मांडावयाचे, किती ईथर दिले ते लिहावयाचे आणि बिंदू रेषेने जोडावयाचे, अशी ती पद्धत होती. हे तक्ते ईथरचे तक्ते म्हणून ओळखले जातात आणि बोस्टनमध्ये ते आजही जतन केलेले आहेत.

या तक्त्यांचे मोल काय, असे कोणी विचारील. स्मरणशक्ती ही मोठी लबाड असते. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली की मधली सारी भीती ती पुसून टाकते. आणि रुग्ण दगावला की सारे एकाएकी घडले असे ती सांगते. कागदावरील रेषा मात्र असे काही करीत नाही. रुग्णाची अवस्था एकाएकी बिघडली, की अर्ध्या तासापूर्वीपासूनच उतरणीस लागली होती, हे ती निमूटपणे दाखविते. शिवाय दर काही मिनिटांनी नोंद करावयाची म्हटल्यावर भूल देणाऱ्याचे लक्ष शस्त्रवैद्याच्या सुरीकडे न जाता रुग्णाकडेच राहते. त्या अभागी रुग्णाचा मृत्यू छातीत द्रव उतरल्यामुळे झाला होता. तक्ता हाताशी असता तर तो वाचलाच असता, असे म्हणता येणार नाही. परंतु रुग्णाकडे सतत लक्ष असले पाहिजे, हा धडा कुशिंग यांनी त्या मृत्यूपासून घेतला आणि त्याला तक्त्याचे कायमचे रूप दिले.

तथापि या तक्त्यात एक मोठी उणीव होती. तीत नाडीचा वेग होता, पण रक्ताचा दाब नव्हता. ही उणीव केवढी होती हे कळण्यासाठी भुलेच्या औषधांचा रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध थोडक्यात पाहिला पाहिजे.

आपल्या धमन्या म्हणजे काही लोखंडाचे निर्जीव नळ नव्हेत. त्यांच्या भिंतींत स्नायूंचे सूक्ष्म वेढे असतात आणि मज्जातंतूंकडून अहोरात्र येणाऱ्या आज्ञेमुळे हे वेढे काहीसे ताणलेले राहतात. या ताणामुळेच रक्ताला दाब प्राप्त होतो व ते मेंदूपर्यंत, मूत्रपिंडांपर्यंत आणि खुद्द हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. शेतातील पाटाचे उदाहरण घ्या. पाट अरुंद व बांध पक्के असले म्हणजे थोडेसे पाणीही शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. पण तोच पाट जागोजागी रुंदावला तर तेवढेच पाणी वाटेतच पसरते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. भुलेची पुष्कळशी औषधे नेमके हेच करतात. ती मेंदूला निजवितात, त्याबरोबर रक्तवाहिन्यांचे वेढेही सैल पाडतात. काही औषधे हृदयाचा जोरही कमी करतात. ईथर प्रारंभी दाब बऱ्याच अंशी टिकवून धरते, तर क्लोरोफॉर्म तो खाली ओढते. अशा वेळी नाडीचे ठोके मोजून भागत नाही. ठोके नियमित पडत असतानाही दाब हळूहळू ढासळत जाऊ शकतो. बोटाला नाडी भरीव लागते की पोकळ, यावरून अनुभवी वैद्य काही अंदाज बांधीत. परंतु एकाचा अंदाज दुसऱ्याला सांगता येत नसे आणि कागदावर तर मुळीच मांडता येत नसे.

रक्ताचा दाब मोजण्याचे प्रयत्न जुने होते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते हे पाहिले व १७३३ साली ते प्रसिद्ध केले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग यांनी १८४७ साली फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेषा उमटविणारे यंत्र तयार केले. परंतु या सर्व रीतींत धमनी कापावी लागे. त्यामुळे त्या प्रयोगशाळेतील प्राण्यांपुरत्याच राहिल्या. माणसाच्या उशाशी त्या येऊ शकल्या नाहीत.

आम्हां हैदराबादकरांना या बाबतीत एक गोष्ट अभिमानाने व थोड्या विचारपूर्वक सांगितली पाहिजे. क्लोरोफॉर्मने होणारे मृत्यू हृदय थांबल्याने होतात की श्वास थांबल्याने, या वादाने एकोणिसाव्या शतकात वैद्यांमध्ये दोन तट पडले होते. त्याचा निर्णय लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली आपल्या याच शहरात दोन आयोग बसले. निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यासाठी द्रव्य दिले आणि रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी यांनी पुढाकार घेतला. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे विद्वान आले. प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या रेषा येथे काढण्यात आल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेले हे काम जगभर गाजले. त्यातून आयोगाने असे अनुमान काढले की धोका श्वासाचा आहे, दाब उतरणे हे स्वतः घातक नाही. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. श्वासावर नजर ठेवण्याचा उपदेश हिताचाच होता; पण उरलेले अनुमान टिकले नाही. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. सारांश, रेषा काढल्या म्हणजे काम संपत नाही; त्या मोकळ्या मनाने वाचाव्याही लागतात. प्राण्यांवरून माणसाविषयी अनुमान करण्याऐवजी खुद्द माणसाचाच दाब इजा न करता कसा मोजावा, हा प्रश्न शिल्लकच राहिला होता.

आता पुन्हा कुशिंग यांच्याकडे वळू. १८९५ साली ते वैद्यकाचे पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या नामांकित शस्त्रवैद्यांच्या हाताखाली रुजू झाले. हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया संथ, नाजूक व काटेकोर असे. रक्ताचा थेंबही वाया जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष कुशिंग यांच्या अंगी मुरला. थोर वैद्य विल्यम ऑस्लर यांचा स्नेहही त्यांना येथेच लाभला. याच काळात, ज्या रुग्णांना पूर्ण भूल झेपणार नाही अशांच्या मज्जातंतूंजवळ कोकेन टोचून तेवढाच भाग बधिर करण्याची रीत त्यांनी अवलंबिली आणि तिचा पुष्कळ विस्तार केला.

१९०० साली ते युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर निघाले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोखर व क्रोनेकर या आचार्यांकडे त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. कवटीच्या आत दाब वाढला तर काय होते? प्राण्याच्या कवटीत लहानशी खिडकी बसवून त्यांनी मेंदूवरील रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या. कवटीतील दाब वाढवताच त्या वाहिन्या फिक्या पडत. मग शरीर जणू आपल्या राजधानीच्या रक्षणासाठी धावून येई. सर्वांगातील वाहिन्या आकसत, रक्तदाब कवटीतील दाबाच्या वर चढे आणि मेंदूवरील वाहिन्या पुन्हा लाल होत. आजही या प्रतिक्रियेला कुशिंग यांचेच नाव आहे. रक्तदाब ही केवळ एक संख्या नसून शरीराच्या झगड्याची भाषा आहे, हे त्यांना तेथे उमगले.

त्यानंतर १९०१ साली ते इटलीत गेले. पाविया येथील सान मात्तेओ या जुन्या रुग्णालयात त्यांना एक साधेसे उपकरण दिसले. शिपिओने रिव्हा-रोची या वैद्यांनी ते १८९६ साली प्रसिद्ध केले होते. रुग्णाच्या दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळावयाचा, फुग्याने त्यात हवा भरावयाची आणि मनगटाशी नाडी चाचपीत राहावयाचे. ज्या क्षणी नाडी हाताला लागेनाशी होते त्या क्षणी नळीतील पाऱ्याची उंची पाहावयाची, की झाला रक्तदाब! कापाकाप नाही, वेदना नाही. कुशिंग यांना याचे महत्त्व तत्काळ पटले. त्यांनी उपकरणाचे चित्र काढून घेतले, दंडाच्या पट्ट्याचा एक नमुनाही त्यांना मिळाला, आणि ही ठेव घेऊन ते त्याच वर्षी बाल्टिमोरला परतले.

तेथे त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेतील जुन्या तक्त्यात आणखी एक रेषा वाढविली. नाडी व श्वास यांच्या जोडीला रक्तदाबाची रेषा आली. तिने थोड्याच दिवसांत अदृश्य गोष्टी दृश्य केल्या. हात किंवा पाय कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेत मोठा मज्जातंतू छेदला गेला की दाब एकदम खाली कोसळतो, हे या रेषेत स्पष्ट दिसले. तोच मज्जातंतू आधी कोकेनने बधिर केला असता कोसळणे टळते, हेही तिनेच दाखविले. हे निष्कर्ष कुशिंग यांनी १९०२ साली प्रसिद्ध केले. औषध कोणते, किती आणि केव्हा द्यावे, हे ठरविण्यासाठी आता अंदाजाऐवजी पुरावा हाताशी आला होता.

१९०३ साली कुशिंग आपल्या जुन्या विद्यानगरीत, बोस्टनला, हा विषय मांडण्यासाठी गेले. क्लीव्हलंडचे शस्त्रवैद्य जॉर्ज क्राइल यांचेही काम याच दिशेने चालले होते व तेही तेथे बोलले. शस्त्रक्रियागृहात प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब नियमाने मोजावा, हे कुशिंग यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. हार्वर्डच्या शस्त्रवैद्यांनी त्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. १९०४ साली तिचा निर्णय बाहेर आला. रक्ताभिसरणाची अवस्था ओळखण्याच्या कामी कसलेले बोट हे कोणत्याही हवेच्या यंत्राहून अधिक मोलाचे आहे, असा तो निर्णय होता. आणि विषय बाजूला ठेवण्यात आला.

हा निर्णय वाचून आज आपल्याला हसू येते. पण त्यावर न्यायबुद्धीने विचार केला पाहिजे. ती मंडळी अडाणी नव्हती. चाळीस चाळीस वर्षांच्या सरावाने त्यांची बोटे खरोखरच तीक्ष्ण झाली होती. यंत्रावर विसंबल्याने ही तीक्ष्णता बोथट होईल, तरुण वैद्य रुग्णाकडे पाहण्याऐवजी पाऱ्याकडे पाहत बसतील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. शिवाय त्या वेळचा दंडाचा पट्टा फार अरुंद असल्याने आकडेही काहीसे फुगून येत. परंतु एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नाही. कसलेले बोट त्याच्या धन्याबरोबरच जाते. ते शिष्याला वारशाने देता येत नाही. उलट, आकडा बाल्टिमोरचा असो की हैदराबादचा, आज लिहिलेला असो की शंभर वर्षांपूर्वीचा, तो कोणालाही पडताळून पाहता येतो. विद्येची परंपरा चालते ती अशा पडताळता येणाऱ्या गोष्टींवरच.

या निर्णयाने कुशिंग यांनी आपले काम थांबविले नाही. ते आपल्या शस्त्रक्रियागृहात रेषा काढीतच राहिले. दंडाच्या त्याच पट्ट्याच्या तत्त्वावर त्यांनी १९०४ साली हवेने फुगणारा आवळपट्टा तयार केला व तो हातापायांच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव रोखण्यासाठी वापरला. १९०५ साली रशियन वैद्य कोरोटकोव्ह यांनी पट्ट्याखालील धमनीचे आवाज नळीने ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब मोजण्याची युक्ती सांगितली आणि उपकरण अधिक उपयुक्त झाले. कुशिंग यांच्या रुग्णांना भूल देणारे डॉ. ग्रिफिथ डेव्हिस हे तर रुग्णाच्या छातीवर श्रवणनलिका पट्टीने चिकटवून शस्त्रक्रिया चालू असेतोपर्यंत हृदयाचा व श्वासाचा आवाज अखंड ऐकत. कुशिंग यांनी या पद्धतीचा आपल्या लेखनात आवर्जून पुरस्कार केला आणि तिचे श्रेय मोकळेपणाने डेव्हिस यांना दिले. भूल देण्याचे काम विद्यार्थ्याच्या गळ्यात न मारता जाणत्या वैद्याकडे सोपविले पाहिजे, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून चांगलेच ठाऊक होते.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांनी पुढे जे यश मिळविले त्याचा पाया या सावधगिरीतच आहे, असे आम्हांस वाटते. मेंदू हा अवयव असा की रक्ताचा दाब फार चढला तर तो फुगतो व रक्तस्राव आवरत नाही. फार उतरला तर तो उपाशी राहतो. ईथरमुळे रुग्ण खोकला किंवा कुंथला तरी मेंदूतील नीला तटतटून फुगतात. म्हणून कुशिंग यांनी मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया केवळ तेवढी जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच केल्या. १९११ साली त्यांनी रक्तवाहिन्या मिटविण्यासाठी चांदीच्या बारीक चिमट्या प्रचारात आणल्या आणि १९२६ साली बोव्ही या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबविण्यास प्रारंभ केला. मेंदूतील गाठींच्या शस्त्रक्रियेत जेथे पूर्वी मृत्यूच बहुधा अपेक्षित असे, तेथे त्यांच्या हाती मृत्यूंचे प्रमाण शेकडा दहाच्याही खाली आले. १९३१ साली त्यांनी मेंदूतील गाठीचा दोन हजारावा रुग्ण हाताळला. या प्रत्येक रुग्णाची नोंद, चित्रे व पुढची हकिकत त्यांनी जपून ठेवली होती. विद्यार्थ्याच्या चौकडीच्या कागदाचाच हा विशाल वृक्ष झाला होता.

१९१२ साली हार्वर्डने त्यांना प्राध्यापकपद दिले आणि बोस्टनमधील पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयाचे ते प्रमुख शस्त्रवैद्य झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समधील रणभूमीजवळ जखमी सैनिकांच्या डोक्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १९१७ साली ऑस्लर यांचा एकुलता मुलगा बेल्जियममधील रणभूमीवर जखमी होऊन मरण पावला, तेव्हा कुशिंग त्याच्याजवळ होते. पुढे त्यांनी ऑस्लर यांचे बृहच्चरित्र लिहिले आणि १९२६ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. स्वभावाने ते कडक होते. त्यांच्या हाताखाली काम करणे म्हणजे कसोटीच असे. हयगय झालेली त्यांना खपत नसे. पण ही कठोरता ते सर्वप्रथम स्वतःवर चालवीत. ब्रिगममधून निवृत्त झाल्यावर ते येलला परतले आणि ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. आयुष्यभर जमविलेला दुर्मीळ ग्रंथांचा संग्रह त्यांनी येल विद्यापीठास अर्पण केला.

आज भुलेची औषधे बदलली आहेत. क्लोरोफॉर्म मागे पडले व ईथरही जवळजवळ नाहीसे झाले. शिरेतून दिले जाणारे प्रोपोफॉल हे औषध क्षणार्धात झोप आणते. परंतु तेही रक्तवाहिन्या सैल पाडते व दाब उतरवते. पाठीच्या कण्यात दिलेली भूल कमरेखालच्या वाहिन्यांचा ताण काढून घेते. म्हणून दंडावरील पट्टा आता यंत्राने आपोआप फुगतो, मोठ्या शस्त्रक्रियेत धमनीत बारीक नळी घालून प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर पाहिला जातो आणि दाब उतरू लागताच वाहिन्या आवळणारे औषध देता येते. साधने नवी असली तरी प्रश्न तोच आहे आणि उत्तर शोधण्याची रीतही तीच आहे.

काळाचा न्याय मोठा विलक्षण असतो. ज्या हार्वर्डने १९०४ साली दंडाचा पट्टा बाजूला ठेवला, त्याच हार्वर्डच्या रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांनी भूल देताना पाळावयाचे किमान नियम १९८६ साली जगापुढे ठेवले. त्यांत निदान दर पाच मिनिटांनी रुग्णाचा रक्तदाब व नाडी पाहिलीच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. ही रीत पुढे देशोदेशी रुजली. कुशिंग हा दिवस पाहण्यास नव्हते. पण त्यांचा तक्ता मात्र होता.

विद्यार्थी मित्रांनो, कुशिंग यांचे चातुर्य आपणां सर्वांना लाभेल असे नाही. परंतु त्यांच्या कीर्तीचा आरंभ चातुर्यापासून झाला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. तो झाला एका अपयशापासून आणि ते विसरण्यास दिलेल्या नकारापासून. चूक झाली, मन खिन्न झाले, एवढ्यावर पुष्कळ माणसे थांबतात. कुशिंग यांनी त्या खिन्नतेच्या हाती पेन्सिल दिली. ती पेन्सिल व तो चौकडीचा कागद आपल्यापैकी प्रत्येकाच्या दप्तरात आहे. जे पाहिले ते त्याच वेळी लिहावे, खरे तेवढेच लिहावे, आणि लिहिलेले आपल्या मताविरुद्ध गेले तरी ते खोडू नये. एवढे व्रत ज्याने पाळले, त्याच्या हातून कोणाचे ना कोणाचे कल्याण झाल्यावाचून राहणार नाही.